नऊ गजांची कबर

२६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट हे तीन दिवस आमच्या घरात ईदच्या खालोखाल असत. या दिवशी लष्कर सीताबर्डीच्या किल्ल्याचा दरवाजा लोकांसाठी उघडत असे. एरवी खालच्या रस्त्यावरून दिसायची ती फक्त टेकडीवरची झाडी, दगडी तट आणि वरचा झेंडा. मोमिनपुऱ्यातून सकाळी लवकर निघायचे, स्टेशनला वळसा घालायचा, टेकडी गणपतीपुढची गर्दी ओलांडायची आणि किल्ल्याच्या रांगेत जाऊन उभे राहायचे. दादी पुढे आणि तिच्या बुरख्याचे टोक धरून आम्ही तिघे भावंडे मागे. अब्बा येत नसत. बर्डीच्या मेन रोडवर एका कापडदुकानाच्या पायरीशी त्यांचे घड्याळदुरुस्तीचे टेबल होते आणि सुट्टीच्या दिवशी गिऱ्हाईक जास्त.

रांगेतले लोक तोफा पाहायला येत, तटावरून आपापल्या घराची दिशा शोधायला येत. दादीला यातले काही नको असे. आत शिरली की ती सरळ नवगज अली बाबांच्या मजारीकडे चालू लागे. पिशवीत चादर, अगरबत्ती आणि रेवड्यांची पुडी. कबर खरोखरच लांब होती. आम्ही ती पावलांनी मोजायचो आणि प्रत्येकाच्या पावलांचा हिशेब वेगळा निघे, त्यावरून भांडण होई. दादी दटावायची, "चुप! शहीदों के सामने झगड़ते नहीं." मग फातिहा झाल्यावर, सावलीत बसून रेवड्या वाटताना, दरवेळी तीच गोष्ट. हे टीपू सुलतानाचे नातू, नवाब कादर अली. सत्तावन सालच्या गदरमध्ये इंग्रजांनी त्यांना आणि त्यांच्या आठ साथीदारांना याच किल्ल्याच्या तटावर फाशी दिली. नऊ शहीद म्हणून नऊ गज. जवळ उभा असलेला जवानही मान डोलवायचा. मजारीची निगा लष्करच राखत होते, दिवा तेच लावत होते. जवानाने मान डोलवली म्हणजे सरकारने शिक्का मारला, असे आम्हाला वाटे.

आमच्यातली मधली सातवीत असताना शाळेत निबंध आला : 'माझ्या गावातील ऐतिहासिक वास्तू'. निबंध तिचा, पण लिहिला तिघांनी मिळून. टीपू सुलतानाच्या तलवारीपासून सुरुवात केली आणि नऊ गजांवर शेवट. वही परत आली तेव्हा समासात लाल शाईने एकच शब्द होता : 'पुरावा?' वर्गात गुरुजींनी तो परिच्छेद वाचून दाखवला आणि म्हणाले, "ही तुमच्या मोहल्ल्यातली गोष्ट झाली, इतिहास नव्हे." मुले हसली. शेजारच्या बाकावरच्या मुलाने सीताबर्डी हे नाव वनवासातल्या सीतामाईवरून पडले असे लिहिले होते. त्याला दहापैकी आठ गुण होते आणि समास कोरा होता.

ते लाल प्रश्नचिन्ह आमच्या घरात पुष्कळ वर्षे राहिले. आधी राग म्हणून राहिले. नंतर, आम्ही नोकरीधंद्याला लागलो आणि ग्रंथालयात बसायची सवय लागली तेव्हा, काम म्हणून. गुरुजींची विचारण्याची तऱ्हा चुकीची होती, पण प्रश्न काही चुकीचा नव्हता, हे कबूल करायला आम्हाला चाळिशी गाठावी लागली.

पहिला धक्का किल्ल्यानेच दिला. आम्ही तो भोसल्यांचा समजत होतो. नागपुरात बहुतेकजण तसेच समजतात. प्रत्यक्षात १८१७ च्या नोव्हेंबरात इथे किल्ला नव्हताच. एक मोठी आणि एक छोटी अशा दोन उघड्या टेकड्या होत्या आणि पायथ्याशी रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याची रेसिडेन्सी. आप्पासाहेब भोसल्यांचे आणि कंपनीचे बिनसले. २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी लढाई पेटली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. कंपनीचे लोक दीड हजाराच्या आसपास, भोसल्यांची फौज त्याच्या दहापटीहून अधिक, आणि तरीही टेकड्या कंपनीच्या हाती राहिल्या. जानेवारी १८१८ च्या तहात या टेकड्यांवर तटबंदी उभारण्याचा हक्क इंग्रजांनी लिहून घेतला आणि त्यानंतर किल्ला बांधला. त्याच्या तोफांची तोंडे कोणाकडे असणार हे सांगायला नको. शहरावर डोळा ठेवण्यासाठी बांधलेली ही वास्तू आहे. स्वातंत्र्यानंतर आपण तिच्यावर आपला झेंडा लावला, आणि बघता बघता ती आपल्या राजाची होऊन गेली.

या लढाईत मुसलमान कोणत्या बाजूला होते, असा प्रश्न आजकाल कोणत्याही लढाईबद्दल विचारला जातो. उत्तर असे, की दोन्ही बाजूंना. भोसल्यांच्या फौजेतले सगळ्यात कडवे सैनिक अरब होते. छोटी टेकडी २७ तारखेला सकाळी त्यांनीच जिंकून घेतली होती. आप्पासाहेब शरण गेल्यावरही शहरातला राजवाडा धरून डिसेंबरअखेरपर्यंत लढत राहिले तेही हे अरबच. आणि समोर, टेकडीवर, कंपनीच्या मद्रास पायदळाच्या विसाव्या आणि चोविसाव्या पलटणींतले शिपाई. त्यांच्यातही दक्षिणेकडचे मुसलमान पुष्कळ.

या चोविसाव्या पलटणीची हकिगत वाचताना आमच्या हातातला चहा थंड झाला. ही पलटण मुळात 'पहिली' होती. १८०६ च्या जुलैत वेल्लोरच्या किल्ल्यात शिपायांचे बंड झाले. टीपूचे मुलगे तेव्हा त्याच किल्ल्यात नजरकैदेत होते, आणि बंडवाल्यांनी तटावर टीपूचे निशाण चढवले होते. बंड मोडल्यावर कंपनीने त्यात सामील पलटणींचे नंबर यादीतून खोडून टाकले आणि पहिलीच्या जागी चोविसावी उभी केली. अकरा वर्षांनी याच पलटणीने सीताबर्डीच्या टेकडीवर कंपनीची लाज राखली, आणि बक्षीस म्हणून काय मागितले? पैसा नाही, जमीन नाही. आमचा जुना नंबर परत द्या, म्हणाले. तो मिळाला. म्हणजे टीपूच्या नावाने उठलेल्या पलटणीचा डाग सीताबर्डीने धुतला, तोही कंपनीसाठी रक्त सांडून. आम्हाला यात अभिमान वाटावा की शरम, हे आम्ही तिघे अजून ठरवू शकलेलो नाही.

किल्ल्याच्या आसपास अर्ध्या-एक मैलात एवढे बोलके दगड आहेत की नागपूरचा शंभर वर्षांचा कारभार पायी फिरून वाचता येतो. झीरो माइलचा वालुकाश्माचा खांब १९०७ चा, सर्वेक्षण खात्याचा. जवळच्या दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची फुटांत, दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत कोरली आहे : १०२०.१७१. खांबावर हैद्राबाद, जबलपूर, चांदा अशा गावांची मैलांतली अंतरे. देशाचा अगदी मध्यबिंदू हाच, असे सगळे सांगतात. दगडावर मात्र उंची आहे आणि अंतरे आहेत. चार घोडे तर मागाहून आलेले. किल्ल्याच्या आत एका खांबाला इतिहासात जागा मिळाली ती दिल्ली दरबाराच्या दौऱ्यात, १९११-१२ च्या हिवाळ्यात, पंचम जॉर्ज आणि राणी मेरी तिथे उभे राहून गेले म्हणून. नुसते उभे राहिले, एवढेच. टेकडीखालचे रेल्वे स्टेशन सावनेरच्या वालुकाश्मातले. १५ जानेवारी १९२५ रोजी गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी त्याचे उद्घाटन केले. आणि थोडे पुढे, सिव्हिल लाइन्समध्ये, हायकोर्ट. नवी दिल्ली बांधणाऱ्यांच्या हाताखाली तयार झालेल्या हेन्री मेड यांनी आराखडा केला, १९३७ च्या जानेवारीत पायाभरणी झाली आणि १९४० च्या जानेवारीत व्हाइसरॉयने दार उघडले. अब्बांना ही इमारत फार आवडायची. घुमट पाहून नव्हे. मोहम्मद हिदायतुल्ला याच कोर्टात वकिली करत, १९५४ साली इथले मुख्य न्यायाधीश झाले आणि पुढे देशाचे सरन्यायाधीश, म्हणून. "अपने नागपूर के कोर्ट से गए हैं," ते गिऱ्हाइकालाही ऐकवत, घड्याळाच्या पोटातून डोळा न काढता.

या सगळ्या दगडांवर नाव कोणाचे? पायाभरणी करणाऱ्याचे, दार उघडणाऱ्याचे, फार तर आराखडा करणाऱ्याचे. सावनेरच्या खाणीत दगड फोडणाऱ्याचे नाही. ही तक्रार नवी नाही, सगळ्या जगात हेच आहे. आम्ही ती पुष्कळदा भाषणांतून ऐकली होती आणि टाळ्याही वाजवल्या होत्या. पण आपल्या घरात, आपल्या दादीच्या गोष्टीत तेच झालेले असेल, हे मनात आले नव्हते.

कारण सत्तावनची हकिगत लिहिलेली आहे. ती इंग्रजांच्या बाजूने लिहिलेली आहे, पण आहे. भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले होते. नागपुराबाहेर टाकळीला इंग्रजांचा देशी रिसाला होता. या रिसाल्याचा आणि शहरातल्या काही मुसलमानांचा बेत ठरला : १३ जून १८५७ च्या रात्री उठायचे. शहरातून आकाशात आगीचे फुगे सोडले जातील, तीच खूण. फुगे उडण्याआधीच बातमी फुटली. रिसाल्यातला दिलदार खान पायदळाला उठवायला गेला आणि तिथेच पकडला गेला. कामठीच्या छावणीतली मद्रासची पलटण उठली नाही. गोऱ्या बायकामुलांना सीताबर्डीच्या किल्ल्यात आसरा मिळाला. महिन्याच्या आत शस्त्रे काढून घेतली गेली, चौकशा झाल्या आणि फाशीची शिक्षा झाली. नावे येतात ती अशी : दिलदार खान, इनायतुल्ला खान, विलायत खान, आणि नवाब कादर खान.

शेवटचे नाव वाचले तेव्हा आम्ही तिघेही काही वेळ बोललो नाही. दादीने सांगितलेले नाव पोकळ नव्हते. 'अली'चा 'खान' झाला होता एवढेच. लाल शाईला उत्तर मिळाले होते, छापील पानावर. मधलीला तर ते पान घेऊन गुरुजींकडे जावेसे वाटले. पण गुरुजी तोवर राहिले नव्हते.

मग उरलेला भाग तपासायला बसलो, आणि तिथे गाडी अडली. टीपू १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या तटावर पडला. त्याचे कुटुंब वेल्लोरला, आणि १८०६ च्या बंडानंतर कंपनीने ते उचलून कलकत्त्याला नेले, मुद्दाम दूर, आपल्या नजरेखाली. टीपूची नातवंडे कलकत्त्यात वाढली. त्यातला एक नागपुरात येऊन नवाब म्हणून राहतो, रिसाल्याशी संधान बांधतो आणि इंग्रजांच्या कागदात त्याच्या आजोबाचा उल्लेखही येत नाही, हे आमच्या गळ्याखाली उतरेना. ज्या इंग्रजांना टीपूच्या नावाने घाम फुटे, त्यांनी टीपूचा नातू फासावर चढवला असता तर त्याची दवंडी पिटली असती. आमचा आपला अंदाज असा, की टीपूचे नाव इथे त्या वेल्लोरच्या पलटणीबरोबर आले असावे. मद्रासचे शिपाई या टेकडीवर आणि कामठीत दोन-तीन पिढ्या राहिले. त्यांच्या बायका गोष्टी सांगतच असणार. हा अंदाज आहे, समासात 'पुरावा?' लिहायला जागा मोकळी आहे.

नऊ गजांचेही तसेच. नऊ गजी पीर एकट्या सीताबर्डीत नाहीत. पंजाब-हरियाणापासून खालपर्यंत अशा लांबलचक कबरी ठिकठिकाणी आहेत, सत्तावनच्या कितीतरी आधीच्या. जुने बुजुर्ग अंगापिंडाने मोठे होते, अशी लोकांची श्रद्धा. हरियाणात अंबाल्याच्या रस्त्यावर शाहबादजवळ एक नौगजा पीर आहेत, तिथे ट्रकवाले नवसाला घड्याळे वाहतात. वेळेवर सुखरूप पोचू दे म्हणून. हे अब्बांना सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "उतनी घड़ियाँ चलाता कौन है?" म्हणजे कबर लांब आहे म्हणून नऊ माणसे मोजली गेली, की नऊ माणसे गेली म्हणून कबर लांब झाली? आम्हाला पहिले अधिक संभवनीय वाटते. दादीला हे ऐकवायची हिंमत आमच्यात नव्हती, आणि तशी वेळही आली नाही. ती आधीच गेली.

एक गोष्ट मात्र इथेच सांगून टाकली पाहिजे, कारण लोकगोष्टी फक्त आमच्याच मोहल्ल्यात पिकतात असे कोणाला वाटायला नको. या किल्ल्यात १९२३ च्या एप्रिल-मे महिन्यांत गांधीजींना कैदेत ठेवले होते असे सांगतात, छापतात, कोठडीही दाखवतात. गांधीजींना मार्च १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि फेब्रुवारी १९२४ मध्ये सुटका होईपर्यंत ते पुण्याच्या बाजूला होते, येरवड्यात. हे कोणत्याही चरित्रात सापडते. झेंडा सत्याग्रह त्या साली नागपुरात झाला, शेकडो सत्याग्रही तुरुंगात गेले. त्यातल्या कोणा अनामिकाची ती कोठडी असेलही. पण अनामिकाची कोठडी बघायला रांग कोण लावील?

हे लिहिता लिहिता आमच्या लक्षात आले की कोठडीला गांधीजी लागले, तसा कबरीला टीपू लागला. दिलदार खान नावाचा एक घोडेस्वार, ज्याच्या मागे ना राज्य ना तलवार, त्याने महिन्याचा पगार आणि गळ्यातली मान दोन्ही पणाला लावून शेजारच्या बराकीत जाऊन माणसे उठवण्याचा प्रयत्न केला, हे आम्हाला पुरले नाही. आम्हाला त्याच्या जागी शहजादा हवा होता. गव्हर्नरांचे नाव दगडावर आणि पाथरवटाचे नाही, म्हणून टाळ्या वाजवणारे आम्ही. आम्ही घरच्या गोष्टीतून तीन साध्या माणसांची नावे गाळली आणि नवाबाचे तेवढे ठेवले, त्यालाही सुलतानाचे रक्त चढवून. इंग्रजांच्या कागदाने ती नावे जपली, आणि आमच्या फातिहाने नाही. याचे वाईट वाटते.

अब्बांना एका रविवारी हे सगळे सांगितले. तेव्हा दुकानाची पायरी सुटलेली होती, डोळ्यांनी जवळचे दिसेनासे झाले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मतलब, वहाँ कोई नहीं है?"

"आहेत अब्बा. फक्त टीपूचे नातू नसावेत."

"तो फिर किसके थे?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. दिलदार खान कोणाचा मुलगा, कोणत्या गावचा, त्याची बायको टाकळीला होती की नाही, त्या रात्रीनंतर तिचे काय झाले, हे त्या हकिगतीत नाही. फाशी देणाऱ्याला एवढ्या तपशिलाची गरज नसते. अब्बा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अम्मा होती तो नाराज होती." थोड्या वेळाने पुन्हा, "पर नाम तो पूछ लेती."

आमच्यातला धाकटा काही वर्षे नोकरीसाठी डब्लिनला होता. आयर्लंडचे आणि आपले दुखणे एकच, इंग्रज. त्यामुळे तिकडच्या इमारती पाहताना त्याला सारखी बर्डी आठवायची. तिथे किल्मेनहॅम नावाचा जुना तुरुंग आहे. १९१६ च्या उठावातल्या चौदा जणांना मे महिन्यात त्याच्या दगड फोडण्याच्या अंगणात गोळ्या घातल्या. १९२४ मध्ये तुरुंग बंद पडला, छपरे कोसळली, झाडे उगवली. १९६० पासून लोकांनी स्वयंसेवक होऊन, पदरमोड करून तो पुन्हा उभा केला. त्या चौदा जणांची कबर अरबर हिल या लष्करी दफनभूमीत आहे. कबरीभोवतीच्या दगडात चौदाही नावे कोरली आहेत, आयरिश भाषेत आणि इंग्रजीत. त्यात एक शाळामास्तर, एक तंबाखूचे दुकान चालवणारा, एक बेकरीतला कारकून. आणि शॉन ह्यूस्टन नावाचा रेल्वेतला एक कारकून. त्याचे वय पंचवीस.

धाकट्याने आम्हाला फोनवर सांगितले ते या ह्यूस्टनबद्दलच. डब्लिनला १८४६ मध्ये सँक्टन वुड यांनी बांधलेले एक सुंदर रेल्वे स्टेशन आहे. शेजारच्या राजाच्या पुलावरून त्याचे नाव पडले होते किंग्जब्रिज. १९६६ मध्ये, उठावाला पन्नास वर्षे झाल्यावर, ते नाव बदलून ह्यूस्टन स्टेशन केले. तो कारकून तिथल्याच कचेरीत काम करत होता. "राजा उतरला आणि क्लार्क चढला," धाकटा म्हणाला. आपल्याकडे नावे बदलण्याचा हंगाम जोरात असतो, पण राजाचे नाव उतरते आणि दुसऱ्या राजाचे चढते. कारकुनाचा नंबर लागत नाही. घोडेस्वाराचा तर नाहीच. नागपूरपुरते बोलायचे तर शहर वसवणारा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह. औरंगजेबाच्या काळात त्याने इस्लाम स्वीकारला. १७०२ च्या सुमारास त्याने वसवलेल्या या शहराला मुलगा चांद सुलतान याने तट घातला. त्या काळचा जुम्मा तलाव आधी शुक्रवारी तलाव झाला आणि मग गांधीसागर. शुक्रवारपर्यंत आमची काही तक्रार नाही. जुम्म्याचा शुक्रवार म्हणजे सरळ भाषांतर. आम्हीही घरात दोन्ही म्हणतो.

टेकडीखालचा परिसर आता ओळखू येत नाही. २०१९ मध्ये मेट्रो धावू लागली. बर्डीच्या इंटरचेंज स्टेशनवर वर चढून गेले की खाली मेन रोडची तीच जुनी रेटारेटी आणि पलीकडे किल्ल्याची झाडी, दोन्ही एकदम दिसतात. लहानपणी ती टेकडी आम्हाला केवढी उंच वाटायची. जिथे अब्बांचे टेबल होते तिथे आता मोबाइलचे कव्हर विकणारा बसतो. त्याच्या हातात घड्याळ नाही.

गेल्या खेपेला किल्ला उघडला तेव्हा आम्ही तिघे गेलो. अब्बांना तिथवर चढवणे शक्य नव्हते. त्यांनी रेवड्यांचे पैसे मात्र मोजून दिले. मजारीपाशी सावली होती, गर्दी थोडीच होती. एक बाई आपल्या दोन नातवंडांना तीच गोष्ट सांगत होती, टीपू सुलतान, नऊ शहीद, नऊ गज. आम्ही तिला टोकले नाही. मुले पावलांनी कबर मोजत होती.

फातिहा पढून झाल्यावर ज्यांना सवाब पोचवायचा त्यांची नावे घ्यायची, ही दादीची पद्धत. ती मोठ्याने घ्यायची, म्हणजे चूक झाली तर दुरुस्त करता येते म्हणून. मधलीने हात उचलले आणि मोठ्यानेच नावे घेतली : दिलदार खान, इनायतुल्ला खान, विलायत खान, नवाब कादर खान, आणि जे कोणी या तटावर गेले ते सगळे. त्या बाईने नातवंडांना जवळ घेत विचारले, "ये कौन, बेटी? आपके घर के हैं?"

मधलीने पुडी सोडली आणि आधी तिच्या नातवंडांच्या हातावर रेवड्या ठेवल्या.

"हाँ, खाला," ती म्हणाली. "बैठिए, बताती हूँ."